चौदा की एकवीस?

आमच्या आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, त्या घरी आल्या. सगळं नीट झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते एका खिडकीबद्दल. दवाखान्याचं नाव घेत नाही. बडोद्यात राहायचंय अजून.

४ जानेवारीला पहिला केमो झाला. सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन, आणि त्याच संध्याकाळपासून घरी कॅपेसिटाबिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, सकाळी तीन, रात्री तीन. कार्डावर टाइप केलेलं, दिवसातून दोनदा, २१ दिवस. औषधाच्या दुकानाने त्याप्रमाणे दहा-दहाच्या १३ स्ट्रिपा दिल्या आणि मी डोळे झाकून घेतल्या.

१२ तारखेला, रविवारी, गोळ्या मोजत बसले. मोजायची सवय माहेरची, किराणा दुकानातली मुलगी मी. रोज सहा म्हणजे २१ दिवसांना १२६, स्ट्रिपा १३, चार जास्त. हिशेब बरोबर. मग खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद उलगडला. त्यात लिहिलेलं की १४ दिवस घ्यायची, ७ दिवस थांबायचं, मग पुन्हा. म्हणजे २१ दिवसांची 'सायकल', पण गोळ्या फक्त ८४! कार्ड लिहिणाऱ्याने सायकलचेच दिवस गोळीचे करून टाकले होते का? की आईंसाठी मुद्दाम वेगळं ठरवलं होतं? मला कसं कळणार.

४ च्या संध्याकाळपासून मोजलं तर चौदा दिवस १८ च्या सकाळी संपतात. माझ्याकडे सहा दिवस होते, आणि त्यात उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, दोन दिवस सगळं बंद.

फोन लावला. रिसेप्शन म्हणालं, फाईल घेऊन या. १३ ला रिक्षाने गेले. ओपीडीच्या खिडकीवर सांगितलं, फाईलशिवाय नंबर लागत नाही. फाईलच्या खिडकीवर गेले, तर तिथला भाई मोबाइलमधून डोकंही न काढता म्हणाला, "बेन, डॉक्टरनी चिठ्ठी वगर फाईल नहीं मळे." चिठ्ठी कोण देणार? डॉक्टर. डॉक्टर कधी? मंगळवार-शुक्रवार. उद्या मंगळवार ना? "काले तो उत्तरायण. परमदिवसे वासी उत्तरायण. सोळ तारीखे आवजो."

मी म्हटलं, भाई, मला फाईल नको, फक्त एक आकडा विचारायचाय, चौदा की एकवीस. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी वरली-मटक्याचा आकडा विचारला!

पुढचे दोन दिवस गच्चीगच्चीवर 'काय पो छे' चालू, आणि मी खाली आईंच्या हातापायांचे तळवे बघत बसलेली. लाल झाले होते, जळजळत होते. या गोळीने होतं तसं, कुणाकुणाला फोड येऊन कातडी सोलते. बाहेर सगळ्यांची बोटं मांज्याने कापलेली, घरात यांची गोळीने. कोपऱ्यावरच्या सेव-उसळीचा वास आला की त्या मान वळवायच्या, तोंडही आलेलं होतं. हे सगळं साधं म्हणून घरी बसू नये, हे मला नंतर कळलं. एका दिवसात एरवीपेक्षा चार किंवा त्याहून जास्त वेळा अधिक संडासला जावं लागलं, किंवा त्यासाठी रात्री उठावं लागलं, ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला, तोंडाच्या फोडांनी जेवण जाईना, तळव्यांमुळे चालता येईना, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करायचा. एक डोस चुकलाच, तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही.

१६ ला पुन्हा तीच खिडकी, तोच भाई. "डॉक्टर काले, शुक्रवारे." मी तिथेच उभी राहिले. मागे रांग वाढली, कुणीतरी पाठीत टोकलं. शेवटी मी काउंटर सोडून सरळ वरच्या मजल्यावर डे-केअरमध्ये गेले, जिथे आईंना सलाईन लावलं होतं. फाईल नाही, चिठ्ठी नाही. तिथल्या एका मल्याळी सिस्टरने कार्ड वाचलं, माझा कागद वाचला, आणि म्हणाली, बस, चौदा. मग तिने मला पाठकोऱ्या कागदावर समजावलं. आईंची उंची १५० सेंटिमीटर, वजन ५४ किलो, म्हणजे अंगाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. त्याला १००० ने गुणलं की एका वेळचे १५०० मिलिग्रॅम, म्हणून तीन गोळ्या. ही गोळी शरीरात गेली की तिचं फ्लुरोयुरॅसिल बनतं, ते कॅन्सरच्या पेशींबरोबर आतड्याच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींनाही दुखावतं. ते सात दिवस त्यांना सावरायला असतात. पाच मिनिटांचं काम. यासाठी मी चार दिवस झोपले नव्हते.

तरी लेखी हवंच होतं. शुक्रवारी डॉक्टरांनी '२१' वर रेघ मारून '१४' लिहिलं आणि सही केली. सहीचा फोटो मी त्या भाईला दाखवला. गरज नव्हती, पण दाखवला.

आणखी आठवलं. आईंना अशक्तपणा म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या होत्या, त्यात फोलिक ॲसिड निघालं. त्याने या औषधाचा त्रास वाढू शकतो. सिस्टरने ताबडतोब बंद करायला सांगितल्या. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू असेल तर आधीच सांगा. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं, त्यांना नेहमीचा डोसही झेपत नाही, तेही पहिल्या गोळीच्या आधीच विचारा. गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, न चुरता. मी हातमोजे घालून देते आणि नंतर हात धुते, कारण ते औषध माझ्यासाठी नाही. ऑक्सॅलिप्लॅटिननंतरचे काही दिवस गार पाणी टाळा. त्या थंडीत स्टीलचा पेला हातात धरला तरी आईंच्या बोटांना मुंग्या यायच्या.

१८ ला सकाळी शेवटच्या तीन गोळ्या दिल्या. ४६ उरल्या. डबीवर 'आत्ता नाही' असं लिहून ती उंच कपाटात ठेवली. सात दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, दुसरं सलाईन झालं, आणि मी दुकानात गेले. त्यांनी नव्या कागदाप्रमाणे नऊ स्ट्रिपा काढल्या.

म्हटलं, भाई, चारच द्या.