डकोटाचे पट्टे बिघडवताना

पहिला रविवार

१:७२ चा, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, सी-४७ विमानाचा मॉडेल अखेर टेबलावर आला. सी-४७ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं वाहतूक विमान, आपला डकोटाच, अमेरिकी लष्करी गणवेशातला. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत टेप लावली, ४० सेंटिमीटर भरले. खऱ्या विमानाचे पंख २९ मीटरचे, म्हणजे हिशेब चोख. धड जस्ताच्या मिश्रधातूचं, त्यामुळे उचलताना मनगटाला कळतं. पंखे आणि अँटेना तेवढ्या प्लास्टिकच्या. त्यातली पोटाखालची अँटेना वाटेतच मोडली होती, म्हणून दुकानदाराने पैसे कमी केले. माझ्या पथ्यावरच पडलं. बिनडागी पीस असता तर त्याला ब्रश लावायची माझी छाती झाली नसती.

रंगसंगती 'दॅट्स ऑल, ब्रदर' नावाच्या खऱ्या विमानाची. जून १९४४ मध्ये दोस्तांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर केलेल्या नॉर्मंडीच्या स्वारीत छत्रीधारी सैनिकांना घेऊन आठशेच्या वर सी-४७ उडाले. त्यांच्या मुख्य ताफ्याच्या अग्रभागी हे विमान होतं. इंग्लंडमधला ग्रीनहॅम कॉमनचा तळ, चालक लेफ्टनंट कर्नल जॉन डोनाल्सन. नाकावरचं नाव हिटलरला उद्देशून आहे. मराठीत सांगायचं तर, 'बास झालं, भावा!' युद्धानंतर हे विमान या हातातून त्या हातात विकलं गेलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ऑशकॉशला, टर्बाइन इंजिनं बसवून घेण्याच्या रांगेत सापडलं. तिथून सोडवून, दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा नॉर्मंडीवर नेलं.

आता माझी तक्रार. पट्टे फार सुंदर आहेत.

पंखांवर आणि शेपटीच्या अलीकडे धडाभोवती पाच पट्टे: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. कारखान्यातली छपाई अशी, की कडेवर पट्टी ठेवून रेघ मारावी. खऱ्या विमानांवर हे काम जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात, उड्डाणाला दोन-तीन दिवस उरले असताना झालं. गुप्तता राखायची म्हणून आधी रंगवता येत नव्हतं. मग जमिनीवरच्या माणसांनी मिळेल ते ब्रश, काही ठिकाणी चक्क झाडू घेऊन रंग फासला. जुन्या फोटोंत कडा लहरताना स्पष्ट दिसतात. आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारतात ना, थेट तोच हात.

पण पट्टे मुळात हवेत कशाला? सिसिलीमुळे. ११ जुलै १९४३ च्या रात्री इटलीच्या या बेटावर १४४ वाहतूक विमानं छत्रीधारी सैनिक घेऊन निघाली आणि आपल्याच बाजूच्या जहाजांनी आणि तोफांनी त्यातली २३ पाडली. डकोटाला ना बंदूक, ना चिलखत. वेगही बेताचा. त्याचा बचाव म्हणजे खालच्या तोफवाल्याला झटकन ओळख पटणं. म्हणून हे झेब्र्याचे पट्टे. असल्या रंगकामाला शोकेसची इस्त्री केलेली मला तरी बघवत नाही.

दुसरा रविवार

आकडेमोड केली. दोन इंजिनांच्या विमानांना पट्टा २४ इंच रुंद ठेवायचा, असा आदेश होता. १:७२ मध्ये तो साडेआठ मिलिमीटर होतो. मॉडेलवरचे पट्टे बरोबर तेवढेच, कंपनीला शंभर गुण. माणसाचा हात दोन इंच चुकला असं धरलं, तर मॉडेलवर ती चूक ०.७ मिलिमीटरची. म्हणजे माझा सगळा वेडेवाकडेपणा एका मिलिमीटरच्या आत मावायला हवा. मुद्दाम वाकडं काढताना सरळपेक्षा जास्त नेम लागतो, हे त्या दुपारी कळलं.

आधी एक घोटाळा. सवयीने मास्किंग टेप लावली आणि ओढताना धडावरच्या ताऱ्याचा एक कोपरा टेपबरोबर निघून आला. आदेशात तर पट्टे राष्ट्रीय चिन्हावर चढवायचे नाहीत, असं बजावलेलं. मी चिन्हच उपटलं. पातळ पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकने, तीन केसांच्या ब्रशने तारा सावरला. धातूवरच्या छपाईला टेप लावायचीच असेल, तर आधी तळहातावर दोन-तीनदा चिकटवून तिचा चिकटपणा मारून घ्या.

तिसरा आणि चौथा रविवार

सौम्य साबणाच्या पाण्याने पुसलं, मॅट वार्निशचा एक हात दिला, नाहीतर अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत छपाईवरून घरंगळतं. पांढऱ्यात थेंबभर पिवळसर राखाडी मिसळला. काळ्याऐवजी गडद करडा घेतला. एवढ्या लहान आकारावर शुद्ध काळा भोकासारखा दिसतो. ब्रश जुना, फाटका, जवळजवळ कोरडा. पांढरा विरळ ठेवला, खालचा ऑलिव्ह रंग मधूनमधून डोकावतो. डावा पंख आणि धड झालं. आई चष्मा लावून बघून गेली. म्हणाली, "अरे, नवीन आणलेलं ना हे? मग खराब का करतोयस?" यापेक्षा मोठी पावती नको.

मोडक्या अँटेनाच्या जागी गिटारच्या पहिल्या तारेचा १८ मिलिमीटरचा तुकडा, सुपरग्लूने.

उजवा पंख बाकी आहे. पण दोन रविवारांत हात बसलाय, कडा पुन्हा सरळ यायला लागल्यात. तेव्हा हा पंख डाव्या हाताने रंगवणार आहे.