चामुलाच्या मेंढ्या आणि लोकरीचा हत्ती

सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला, चियापासच्या डोंगरांत सुमारे २,२०० मीटर उंचीवर वसलेलं शहर. मेक्सिको म्हटल्यावर डोळ्यांपुढे ऊन आणि निवडुंग येत असतील, तर इथे ऐन जूनमध्ये स्वेटर शोधावा लागतो. सान्तो दोमिंगो चर्चभोवती रोज बाजार भरतो आणि त्यात लोकरीच्या चिमुकल्या प्राण्यांचे ढीगच्या ढीग मांडलेले असतात. मेंढ्या, घोडे, अंगावर कवच असलेले आर्मडिलो, जग्वार, जिराफ. काही दोऱ्यात ओवून तोरणासारखे टांगलेले, काही नाताळच्या झाडाला अडकवायला म्हणून पाठीवर फासा शिवलेले. दिसायला इतके गोंडस, की पर्यटक मूठभर उचलतात आणि पुढे जातात. हे प्राणी येतात कुठून, ते बघायला मी दहा किलोमीटरवरच्या सान हुआन चामुला गावी गेले.

चामुला हे त्सोत्सिल भाषा बोलणाऱ्या माया लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं गाव. तिथल्या चर्चमध्ये बाकं नाहीत. जमिनीवर पाइनच्या हिरव्या काड्या अंथरलेल्या, त्यांत शेकडो मेणबत्त्या लावलेल्या. फोटो काढायला सक्त मनाई, आणि ती पाळावीच. गावचा संत सान हुआन कोकरू घेऊन उभा असतो, म्हणून मेंढ्या त्याच्या मानतात. त्या मारत नाहीत, खातही नाहीत. घरोघरी त्यांना नावं असतात आणि मालकी बायकांची. चारणं, कातरणं, विकणं, सगळं बायकांच्या हातात.

आमच्या गेस्टहाउसवालीच्या ओळखीतून मी ज्या घरी गेले, तिथे तीन पिढ्या एकाच अंगणात कामाला बसल्या होत्या. आजींना स्पॅनिश जेमतेम येत होतं, माझं त्यांच्याहून थोडं बरं. मधली लेक दोन्हीकडून बोलत होती. नात माझ्याकडे बघत मान खाली घालून टकळीवर सूत काढत होती. चरखा नाही. जमिनीवर ठेवलेल्या वाटीत टकळीचं टोक टेकवायचं आणि बोटांनी गिरकी द्यायची. लोकर त्याआधी फेस येणाऱ्या एका मुळाने धुतलेली आणि तारेच्या दातांच्या दोन फळ्यांनी पिंजलेली.

माग म्हणजे चार-पाच काठ्या. ताण्याचं एक टोक अंगणातल्या खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. मागे रेललं की ताणा घट्ट, पुढे झुकलं की सैल. हात पोचेल तेवढीच कापडाची रुंदी, म्हणून घागऱ्याला दोन पट्टे जोडावे लागतात. माया चित्रपोथ्यांत इश चेल या देवीपाशी हाच माग दिसतो, म्हणजे माग लोकरीहून कितीतरी जुना. मेंढ्या स्पॅनिशांबरोबर सोळाव्या शतकात आल्या, त्याआधी इथे कापूस विणत.

खरी गंमत विणून झाल्यावर सुरू होते. कापड गरम पाण्यात टाकून पायांनी तुडवतात. ते आटतं, घट्ट होतं, पाऊस सहज आत शिरत नाही. मग तारेच्या फळीने पृष्ठभाग ओरबाडून केस वर काढतात आणि चामुलाच्या बायकांचा तो काळा, झुपकेदार घागरा तयार होतो. प्राणी शिवतात तेही याच आटवलेल्या कापडातून. बाजारात जो आर्मडिलो मी हातात घेऊन फिरवत होते, त्यात ही सगळी मेहनत होती, आणि शेजारचा एक गोरा गृहस्थ त्याच्या किमतीवरून घासाघीस करत होता. मला त्याला दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण माझं स्पॅनिश रागाला पुरत नाही.

इथल्या मेंढीची लोकर दोन थरांची असते, वर लांब राठ केस आणि खाली मऊ. झुपका येतो तो या लांब केसांमुळे. मध्यंतरी सरकारी योजनांतून परदेशी जातींचे मेंढे इथे आणले गेले. ते या डोंगरात रुळले नाहीत, आणि त्यांची लोकर बायकांच्या कामाची नव्हती. पुढे चियापासच्या विद्यापीठातल्या पशुतज्ज्ञांनी शहाणपणा केला. मेंढी चांगली कोणती, हे त्यांनी मेंढ्या राखणाऱ्या बायकांनाच विचारलं आणि त्यांच्या कसोट्यांवर कळप निवडला.

रात्री मेंढ्या लाकडी गोठ्यात कोंडतात आणि तो गोठा मधूनमधून सरकवत नेतात, म्हणजे मक्याच्या शेताला जागच्या जागी खत मिळतं. मी म्हटलं, आमच्याकडेही धनगर शेतात मेंढरं बसवतात. आजींनी विचारलं, मेंढ्या कोणाच्या, बायकांच्या की पुरुषांच्या? मी म्हटलं, बहुतेक पुरुषांच्याच. तिघीही खूप हसल्या. लेकीने त्याचं भाषांतर केलं नाही.

परंपरा म्हटलं की आपण जुने नमुने शोधत बसतो. लोकरीचा जिराफ काही मायांच्या पूर्वजांनी केलेला नाही, तो गिऱ्हाइकासाठी आला. १ जानेवारी १९९४ ला मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या झापातिस्तांनी बंड करून सान क्रिस्तोबाल ताब्यात घेतलं आणि जगभरचे पत्रकार इथे येऊन धडकले, तेव्हा चामुलाच्या बायकांनी नेहमीच्या बाहुल्यांना काळे बुरखे चढवले. हातात लाकडी बंदूक दिली की झाला बंडखोरांचा बुरखाधारी म्होरक्या मार्कोस. त्या बाहुल्या आजही खपतात. मला यात भेसळ दिसत नाही. नक्की भेसळ कुठे आहे ते बाजारात हात लावला की कळतं. यंत्रावरच्या कृत्रिम धाग्याचा माल एकसारखा, गुळगुळीत. हातच्या लोकरीला मेंढीचा वास येतो आणि बोटांना जरा टोचते.

निघताना आजींनी एक करडा हत्ती पुढे केला. हत्तीच्या देशातली बाई आयती घरी आल्यामुळे त्यांना शंका विचारायची होती: बरोबर झालाय का? कान सुपाएवढे, म्हणजे आफ्रिकेतला. मी फोनवर आपल्याकडच्या हत्तीचा फोटो दाखवला. आजींनी तो मोठा करून नीट पाहिला, लेकीशी काहीतरी बोलल्या आणि फोन परत दिला. लेक म्हणाली, आई म्हणते तुमच्या हत्तीचे कान लहान आहेत, कापड वाचेल, पण लोक मोठे कानच विकत घेतात.

मी दोन घेतले, मोठ्या कानांचे.