आप्पांशिवायचं पहिलं रिंगण

आज चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण झालं. आप्पांना जाऊन आठ महिने झाले. गळ्यात त्यांचेच टाळ होते. दोरी त्यांच्या मापाची, मला लांब होते, पण आखूड करवत नाही.

लहानपणी इथेच त्यांच्या खांद्यावर बसून मी रिंगण बघायचो. अश्व धावून गेला की आप्पा मला उतरवून पटकन वाकायचे. टापांखालची माती आधी माझ्या कपाळाला, मग स्वतःच्या. चिमूटभर उपरण्याच्या गाठीत बांधायचे, घरी आजीसाठी.

आज मी वाकलो तेव्हा मागून कुणीतरी दंड धरून म्हणालं, "माउली, सांभाळा." क्षणभर आप्पाच वाटले. रडू आवरलंच नाही.

माती रुमालात बांधली आहे. आजी वाट बघत असेल.