भांडी घासण्याचे दोन तास

जेवणानंतरची सगळी भांडी आवरून त्या गृहस्थांनी हात पुसले, खिशातून घड्या पडलेला कागद काढला आणि त्यावर लिहिलं: दोन तास. कुणी थँक्यू म्हटलं नाही आणि त्यांनीही उपकार केल्याचा आव आणला नाही.

तेव्हापासून तो कागद माझ्या डोक्यातून जात नाहीये.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आमच्या रिचमंडहून तासाभराच्या अंतरावर लुईझा काउंटीत ट्विन ओक्स नावाची वस्ती आहे. आम्ही ती पाहायला गेलो होतो, आणि ते गृहस्थ तिथलेच. 1967 मध्ये आठ जणांनी तंबाखूच्या एका जुन्या शेतावर ती सुरू केली. आता तिथे शंभराच्या आतबाहेर माणसं राहतात. मिळकत एका पेटीत, गाड्या सगळ्यांच्या, कपड्यांचं कपाटसुद्धा सामाईक, आणि वरखर्चाला महिन्याकाठी थोडेसे डॉलर. कम्यून म्हटल्यावर नवऱ्याने गांजा आणि गिटार गृहीत धरलं होतं. दिसल्या त्या गाई, भाजीचे वाफे आणि गमबूट घालून टोफूच्या कामाला निघालेली माणसं.

नियम साधा आहे. प्रत्येकाने आठवड्याला साधारण 42 तास काम करायचं. टोफू बनवा, प्रकाशकांसाठी पुस्तकांच्या सूची करा; दोरीचे हॅमॉक, म्हणजे टांगते झोपाळे, विणणं हा त्यांचा जुना धंदा. हे झालं पैसे आणणारं काम. पण सगळ्यांचा स्वयंपाक, पोरं सांभाळणं, संडास घासणं, आजाऱ्याजवळ बसणं, हेही त्याच 42 तासांत मोजतात. तास म्हणजे तास. सुरुवातीला नावडत्या कामाला जास्त भाव देऊन पाहिला होता म्हणे, पुढे ते सोडून दिलं. आजारी पडलात तर ते तास धरले जातात, जास्तीचं काम केलंत तर सुट्टी साठते, आणि पन्नाशीनंतर दर वर्षामागे आठवड्याचा एक तास कमी होत जातो. म्हातारपणाची इतकी सरळ सोय मी कुठल्याच पेन्शन योजनेत पाहिली नाही.

आता मला हे एवढं का झोंबलं ते सांगते. मी एच-4 वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर; त्यावर वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. नागपुरातली चांगली नोकरी सोडून आले. नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल ठरावीक टप्प्यापर्यंत सरकली तर मला कामाचा परवाना मिळेल. 2015 पासून तशी सोय आहे, पण आमची फाइल अजून अलीकडेच अडकली आहे. तोवर मी घरी. डबा, कपडे, लेकीची शाळा, डॉक्टर, किराणा, सगळं माझ्याकडे, आणि मावशी फोनवर विचारते, "मग दिवसभर काय करतेस गं?" इथल्या प्रत्येक फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'होममेकर' लिहिताना पेन जरा जड होतं. आणि एक धट्टाकट्टा अमेरिकन माणूस कढया घासून त्याच रकान्यात दोन तास टाकतो! खरं सांगते, जळफळाट झाला.

यात अमेरिकेचं काही मोठेपण नाही, हे लगेच सांगून टाकते. माझं माहेर वर्ध्याचं. शाळेची सहल हमखास पवनारला जायची. धाम नदीच्या काठी विनोबांनी 1959 मध्ये ब्रह्मविद्या मंदिर हा बायकांचा आश्रम सुरू केला. तिथल्या बहिणी शेतीपासून सफाईपर्यंत सगळं स्वतः करत आणि निर्णय एकमताने घेत. त्यांना कागद लागला नाही. तेव्हा आम्हाला मात्र तिथली शांतता कंटाळवाणी वाटायची, सगळं लक्ष डब्यातल्या पुरीभाजीकडे. हं, पवनारला संसार नाही, हा फरक आहेच. ब्रह्मचारिणींनी समान वाटून घेणं वेगळं आणि नवरा-बायको-पोरांच्या गावात ते पन्नासहून जास्त वर्षं टिकवणं वेगळं. गंमत म्हणजे करापुरते हे लोकही मठातलेच: 1986 मध्ये टॅक्स कोर्टाने त्यांना धार्मिक मंडळींसाठीच्या कलमात बसवून दिलं. प्रार्थनाबिर्थना सक्तीची काही नाही.

बाजारापासून मुक्त वगैरे म्हणाल, तर तसंही नाही. टोफू शेवटी दुकानातच जातो. हॅमॉकचं पूर्वी मोठं गिऱ्हाईक होतं, ते तुटल्यावर फटका बसला. मग मार्च 2024 च्या वणव्यात हॅमॉकचं गोदामच जळालं. मला वाटतं, बाहेरच्या जगाशी व्यवहार करतात म्हणूनच ते टिकलेत. फक्त दाराच्या आत आल्यावर पैशाची भाषा बदलते.

"मग राहायला जायचं का?" नवऱ्याने परतीच्या वाटेवर विचारलं. नाही. वाघोलीच्या फ्लॅटचा हप्ता आहे, दोन्हीकडचे आईबाबा आहेत, आणि आमच्या व्हिसावर नोकरी सुटली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. मुख्य प्रवाह सोडायला आधी त्यात नीट पाय रोवलेले लागतात; ती चैन इथल्या नागरिकांची. शिवाय माझ्या फोडणीवर शंभर जणांचं मत मला झेपणार नाही. ही कारणं आहेत की सबबी, ते तुम्ही ठरवा.

कागद मात्र आमच्या फ्रिजवर लागला आहे. पहिल्याच रविवारी नवऱ्याने लॉन कापल्याचा एक तास दिमाखात लिहिला आणि माझा रकाना वाचून गप्पपणे पोळ्या लाटायला घेतल्या. नकाशे जमले आहेत. सासूबाईंशी रोजचा व्हिडिओ कॉल कामात धरायचा का, आणि कुणाच्या रकान्यात, यावर वाद चालू आहे. तो म्हणतो, बोलणं हे काय काम आहे? मी म्हटलं, मग उद्यापासून तू बोल.