एक पॉइंट बाकी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराचं वायरिंग बदलत होतो. एप्रिल महिना, उकाडा मरणाचा. व्हरांड्यात छतातून एक वायर लोंबत होती, टोकाला बल्ब नसलेला होल्डर. माझा पोऱ्या पक्कड घेऊन स्टुलावर चढला, तोच आतून काकू ओरडल्या, "अरे मेल्या, हात लावू नकोस!"

मला आधी वाटलं, होल्डरला चिंध्या अडकल्यात. वाळकं गवत, कोळ्याची जाळी, सालींचे तुकडे. पण बाजूला भोक होतं, त्यावर पडवीसारखं छप्पर आणि भोकातून बाहेर आलेली बारीक, वाकडी चोच. शिंजीरची मादी. इथले गुजराती तिला शक्करखोरा म्हणतात. नर जांभळा-काळा, कुंपणाच्या जास्वंदीवर तावातावाने ओरडत होता. "घरटं बांधताना यानं एक काडी आणली नाही," काकू काकांकडे बघत म्हणाल्या.

वायरला टेस्टर लावला, तर पेटला! वायर कापडी वेष्टणाची, घरट्याच्या वीतभर वर वेष्टण फाटून तांबं उघडं पडलेलं. तशीच ठेवली तर धोका. वायर छताला जिथे अडकवलेली असते ती डबी, म्हणजे सीलिंग-रोझ, उघडावी तर घरट्यासकट वायर खाली. शेवटी मेन बंद केला, मागच्या जंक्शन बॉक्समधून त्या पॉइंटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोडवले, टोकांना टेप मारली आणि व्हरांड्यासाठी दुसरीकडून तात्पुरती लाइन ओढली. पंधरा मिनिटांच्या कामाला दोन तास लागले. मजुरी अर्थात तेवढीच.

काका खाली खुर्ची टाकून बसले होते. मोझांबिकमध्ये मापुतोला काजूच्या कंपनीत त्यांनी बरीच वर्षं हिशेब लिहिले. तिथेही अशीच एक जात आहे म्हणाले, नीरगार्डचा सूर्यपक्षी. जेमतेम चार इंचांचा, हिरवा चकाकता, छातीवर लाल पट्टा. दक्षिण मोझांबिकची किनारपट्टी आणि त्याला लागून दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नातालचा उत्तर भाग, एवढाच त्याचा मुलूख. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो संकटसमीप, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे.

"हिला होल्डरही चालतो रे," काका वर बघत म्हणाले, "त्याला वाळूवरचं कोरडं जंगल लागतं. आणि ते शेतीसाठी तोडतात, कोळशासाठी जाळतात. रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती रांगेनं उभी असायची. आम्हीही त्यातलंच एक घरी आणायचो."

"मग उरलाय कुठे?"

"सीमेपलीकडे टेम्बे म्हणून हत्तींचं राखीव जंगल आहे, १९८३ मधलं. तिथलं झाड कोणी तोडत नाही. खाली इसिमांगालिसो हे पाणथळीचं राखीव क्षेत्र, ते तर १९९९ मध्ये जागतिक वारशात गेलं. हत्तींच्या जिवावर चिमणीहून लहान पाखरू टिकलंय बघ."

आम्ही उतरल्यावर अर्ध्या तासानं मादी परत आत शिरली. पोऱ्याने फोटो काढायला मोबाइल वर केला, काकूंनी त्याच्या हातात ताकाचा पेला ठेवला.

मे महिन्यात होल्डर काढायला गेलो. पिल्लं उडून गेली होती, घरटं रिकामं. काकूंनी तरी हात लावू दिला नाही, पुढच्या वर्षी येतील म्हणे. माझ्या वहीत त्या घरापुढे अजून 'एक पॉइंट बाकी' लिहिलेलं आहे.