डबा क्रमांक ३: पाणी टाकलं की पुणे का येत होतं

सापडलं एकदाचं! इंटरनेट नसलेल्या शाळेला वायफायवरून पुस्तकं आणि विकिपीडिया वाचायला देणारा माझा हा डबा. त्यातल्या शोधाचा अकरा रात्री डोकं खाल्लेला घोळ अखेर सुटला, आणि चूक ना पायची (डब्यातला छोटा संगणक, रास्पबेरी पाय) निघाली, ना झिमची (विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचायची फाइल), ना मेमरी कार्डाची. त्यामुळे आज बहुतेक सगळं त्यावरच. वायफायला जोडलेला फोन 'इंटरनेट नाही' म्हणत मोबाइल डेटावर पळायचा, तो २०४ चा प्रश्न मागच्या वेळी मिटला होता: फोन इंटरनेट आहे का ते विचारतो आणि '२०४' या उत्तराची वाट पाहतो. ती विचारणा आता डबाच उत्तरतो, तेव्हापासून एकही फोन निसटलेला नाही.

हा डबा धडगावच्या पुढे, सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत आहे. तिथे रेंज मिळते ती टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली, तीही एक दांडी. म्हणून गुरुजी बाजाराच्या दिवशी धडगावला उतरले की तिथून मला शहाद्याला फोन करतात. त्या दिवशी म्हणाले, "भाऊ, डबा झकास चाललाय. पण पोरीनं 'पाणी' टाकलं की पुणे येतं."

"टाइप करताना चुकली असेल, गुरुजी."

"मी स्वतः टाकून पाहिलं. आधी पुणे आलं, मग पेण आलं."

आठवत असेल, विकिपीडिया झिममध्ये आहे, पण बालभारतीच्या पीडीएफ आणि शेतीची उतरवून घेतलेली पानं वेगळी ठेवलीत. पोरांना शोधायला एकच चौकट हवी म्हणून सगळ्यांची शीर्षकं आणि मजकूर मी एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस ५ मध्ये, म्हणजे शब्दांवरून मजकूर शोधणाऱ्या भागात, एकत्र भरला होता. पहिला संशय कीबोर्डवर गेला. तीन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टाकून पाहिलं, फरक शून्य. मग वाटलं, इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची शब्दांची सूची, बनताना मध्येच वीज गेली असणार. इंडेक्स पुसून दोनदा नव्याने बनवला, दर खेपेला पायवर पाऊण तास. पुणे जागचं हललं नाही.

चौथ्या की पाचव्या रात्री आपल्या भागातला शब्द म्हणून 'केळी' टाकलं. कोळी आले, काळे आले, काळा रंगही आला. 'कळ' मात्र आलं नाही. तसंच 'पाणी' टाकल्यावर 'पण' कधीच यायचं नाही, आणि 'पण' तर दर दुसऱ्या ओळीत असतं! हे लक्षात यायला मला इतक्या रात्री लागल्या. वहीवर केळी, कोळी, काळे एकाखाली एक लिहिलं आणि मात्रा खोडल्या. तिन्ही ठिकाणी क आणि ळ उरले. पण 'कळ' मध्ये मुळात मात्राच नाही, तिथे दोन्ही अक्षरं जोडलेली राहतात.

एफटीएस ५ व्होकॅब नावाचं एक टेबल असतं, इंडेक्समध्ये नेमके कोणते शब्द गेलेत ते त्यात दिसतं. ते उघडलं. तिथे धड शब्द फारसे नव्हतेच. क, ख, ळ, ण, प अशी सुटी अक्षरं खाली खाली उतरत गेली होती, मराठीचा नुसता भुगा.

कारण असं. एफटीएस ५ चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), युनिकोड ६१, अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग धरतो. आपली काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, ती चिन्हं, म्हणजे एमएन आणि एमसी या वर्गातली. म्हणून प्रत्येक मात्रेपाशी तो शब्द तोडतो, जणू तिथे मोकळी जागा आहे. 'पाणी' म्हणजे त्याच्या लेखी प आणि त्याच्या मागे ण. पुणे तेच, पेणही तेच.

उपाय एका ओळीचा. टेबल बनवताना कॅटेगरीजच्या, म्हणजे शब्दाचा भाग धरायच्या वर्गांच्या, यादीत एमएन आणि एमसी वाढवायचे, बस्स. इंडेक्स बनेपर्यंत आई दोनदा हाका मारून गेली, "जेवाले ये रे." मग 'केळी' टाकलं आणि पहिल्याच ओळीत केळी आली. मी ते पान तीन वेळा उघडलं आणि बंद केलं. काय बरं वाटलं ते तुम्हालाच कळेल.

दुसरी गाठ लगेच निघाली. 'शेतकऱ्यांनी' टाकलं तर शेतीच्या निम्म्या पानांवर काहीच नाही, शब्द तर डोळ्यांना तंतोतंत तोच. हा आपला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: काही जण ऱ ला हलन्त देतात, काही जण साध्या र ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही एकच, इंडेक्सला मात्र वेगळे. दुसऱ्या तऱ्हेचा शब्द तर झेडडब्ल्यूजेपाशी पुन्हा तुटतो. आता इंडेक्समध्ये भरण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्हीकडे, सगळं ऱ च्या रूपात बदलून घेतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही एक ओळ कोडमध्ये ठेवावीच.

तिसरी गाठ विभक्तीची, ती अर्धीच सुटलीय. 'केळी' पुढे तारा (*) दिला की 'केळीचे' सापडतं, 'केळ्यांवर' नाही. तीन-तीन खुणांचे तुकडे पाडणारा ट्रायग्रॅम टोकनायझर वापरून पाहायचा होता, पण तो एसक्यूलाइट ३.३४ पासूनचा आणि पायवरच्या माझ्या जुन्या प्रणालीवर, बस्टरवर, ३.२७. म्हणून बुकवर्म ही नंतरची प्रणाली टाकायला नवं कार्ड आणलं. ६४ जीबीचं म्हणून स्वस्तात विकलेलं ते कार्ड एफ३ या कार्डाची खरी क्षमता मोजणाऱ्या प्रोग्रामने तपासलं तर खरं निघालं २९ जीबी! कार्ड कुठूनही घ्या, पण एफ३ शिवाय डब्यात घालू नका. चांगल्या कार्डावर ट्रायग्रॅम चालला, मधल्या तुकड्यांवरूनही शोधतो. पण त्याला किमान तीन खुणा लागतात, 'खत' मध्ये दोनच. म्हणून आधी युनिकोड ६१, त्यात काही नाही मिळालं तरच ट्रायग्रॅम, असं ठरवलं होतं.

ठरवलं होतं म्हणतो, कारण हे लिहीत असतानाच गुरुजींचा फोन येऊन गेला. पुणे गेल्याने पोरी खूश आहेत. पण एका आजोबांनी नातवाकडून 'दादर' टाकून घेतलं आणि मुंबईचं स्टेशन आलं. आजोबांना हवी होती रब्बीची ज्वारी! आपल्याकडे दादर म्हणजे तीच, आणि हे मला सुचायला हवं होतं. आता ट्रायग्रॅम थांबवतो. आधी शब्दांचं एक साधं टेबल करायचं: डावीकडे पाड्यावरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. पाड्यावरच्या पावरी बोलीतले शब्द मला येत नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला कोरी वही घेऊन जातो. ज्या शोधाला काहीच मिळालं नाही तो लिहून ठेवायची सोय आज रात्रीच करतो. आणि शब्दांच्या टेबलातली ही पहिली नोंद:

दादर – रब्बी ज्वारी