उसाचा दर आणि जिनिव्हातील रिकामे अपील मंडळ

दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर कोल्हापूर-सांगलीत ज्या एफआरपीवरून, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरावरून, आंदोलने पेटतात, तीच एफआरपी जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेत वादाचा विषय झाली होती. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारींवर १४ डिसेंबर २०२१ रोजी संघटनेच्या तंटा सोडवणाऱ्या पॅनेलने निर्णय दिला की, २०१४-१५ पासून सलग पाच हंगाम भारताने ऊस उत्पादकांना दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. हा पैसा सरकार नव्हे, तर कारखाने देतात, हा भारताचा युक्तिवाद पॅनेलने फेटाळला. मला मात्र तो आजही रास्त वाटतो.

भारताने अपील केले, पण ते ऐकणार कोण? अपील मंडळात सात सदस्य असावे लागतात, प्रत्येक प्रकरण तिघांनी ऐकायचे असते आणि नेमणुका सर्वसहमतीनेच होतात. अमेरिकेने ही सहमती सातत्याने रोखल्यामुळे ११ डिसेंबर २०१९ पासून तिघांचे पीठ बसूच शकलेले नाही. अपील प्रलंबित असेपर्यंत पॅनेलचा अहवाल स्वीकारला जात नाही, म्हणून प्रत्युत्तरादाखल व्यापारी कारवाईही होत नाही. ऊस उत्पादकांना यातून उसंत मिळाली हे खरे. पण उद्या भारत जिंकला, तर प्रतिपक्षही हीच वाट धरेल, याची मला खरी चिंता वाटते. युरोपीय संघ आणि इतरांनी २०२० मध्ये अपिलांसाठी लवादाची तात्पुरती व्यवस्था उभारली. तक्रारदार तिन्ही देश तिच्यात आहेत, भारत नाही.